मागचं चाक

मोटारसायकलला चाकं दोन असली, तरी मान एकालाच मिळतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालतात तो हँडलला, म्हणजे पर्यायाने पुढच्या चाकाला. नवी गाडी दारात आली की कुंकवाचं स्वस्तिक पुढे निघतं, नारळ पुढे फुटतो आणि फोटोही पुढूनच काढतात. मागच्या चाकाच्या वाट्याला येतं ते साखळीचं काळं वंगण, मडगार्डखालचा चिखल आणि आमच्यासारख्या कुटुंबवत्सल माणसाचं सहकुटुंब वजन. आता यातली खरी गोम अशी, की इंजिनाची सगळी ताकद साखळीतून जाते ती मागच्याच चाकाला. ते रस्त्याला रेटा देतं तेव्हा कुठे गाडी हलते. पुढचं चाक नुसतं दिशा दाखवतं. जो दिशा दाखवतो त्याला हार आणि जो रेटा देतो त्याला झीज, हा न्याय मी तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या कचेरीतही पाहिला असल्यामुळे मागच्या चाकाबद्दल मला पहिल्यापासून बंधुभाव आहे.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्या क्षणी पुढचं चाक बरंच काही सोसतं, हे मान्य. पण आपल्याकडे ब्रेक म्हणजे उजवा पाय! पुढचा ब्रेक लावला तर गाडी कोलांटी मारते, अशी समजूत माझ्या पिढीने वडिलोपार्जित शेतीसारखी जपली आहे. तेव्हा गाडी पळवायचीही मागच्याने आणि थांबवायचीही मागच्यानेच. पोत्यांची, पाहुण्यांची आणि गॅसच्या टाकीची ने-आणही त्याच्याच बोकांडी. आमच्या गाडीच्या पुढच्या टायरने एक जन्म काढला तेवढ्यात मागच्याचे दोन झाले, यात नवल ते काय?

त्यातून गाडी बुलढाण्याची. आमचा जिल्हा म्हणजे दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर अजिंठ्याच्या डोंगररांगांत बुलढाणा, चिखली, मेहकर. खालच्या मजल्यावर पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. दोन मजल्यांमध्ये जिने म्हणजे घाट. मलकापूरकडे उतरायला राजूर घाट, खामगावकडे उतरायला बोथ्याचा घाट. रेल्वे आहे ती खालच्या मजल्यावर. जिल्ह्याचं ठिकाण असूनही बुलढाण्याला रेल्वेची शिट्टी ऐकू येत नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्याकडे ती आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्काने जाते.

रेल्वे नाही तर नाही, पण रस्त्यांच्या बाबतीत आम्ही भाग्यवान आहोत, असं लोक म्हणतात. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा आख्खा रस्ता मुंबईच्या दाराशी पोचला. मात्र त्याच्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे समृद्धी येते आमच्याच अंगणातून, पण आम्हाला ती पुलाखालून पाहावी लागते. शेजारच्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. आमच्या गल्लीतला खड्डा मात्र विक्रमाच्या मोहात न पडता सावकाश, शास्त्रशुद्ध पद्धतीने मोठा होत आहे. या सगळ्याची नोंद कुठे होत असेल, तर ती मागच्या टायरवर.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. आमच्या धाकट्या मुलीला मोताळ्याकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. घरात पेढे वाटून झाले आणि मग प्रश्न निघाला, रोज जायचं कसं? एसटीची वेळ आणि शाळेची घंटा यांची पत्रिका काही केल्या जुळेना. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमची गाडी नुसती मंडईत भाजी आणायला जाते. ती मला द्या."

"अगं, घाट आहे!" आमची ही म्हणाली.

"आई, घाट मला नाही उतरायचा. गाडीला उतरायचाय."

गाडी शंभर सीसीची, वयाने बारा वर्षांची, स्वभावाने गरीब. मी ती मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री म्हणजे गाड्यांचा वैद्य आहे. तो पेशंटला आधी बोलू देत नाही. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हाताने एकदा गरकन फिरवलं आणि टायरवर तळहात ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, आता पथ्य सांगणार.

"काका, हा टायर नाई राह्यला," तो म्हणाला.

"म्हणजे? दिसतोय की समोर."

"दिसते तं बाप्पा, पण त्याच्यात जीव कुठी हाय? हे पाहा."

त्याने टायरच्या कडेवर एक बारीकसा त्रिकोण दाखवला. त्या खुणेच्या सरळ रेषेत, नक्षीच्या खाचेच्या तळाशी, रबराचा एक इवलासा उंचवटा असतो. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला, की त्याचं सेवानिवृत्तीचं वय झालं असं समजायचं. सरकारनेही हिशेब घालून दिला आहे: दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये, मोटारीला १.६. आमच्या टायरच्या मधल्या भागात खाच अशी उरलीच नव्हती. माझ्या डोक्यासारखीच गत. कडेला थोडंफार शिल्लक, मध्ये मैदान.

"पण मधेच का झिजला हो हा? कडेला तर नवा वाटतो."

"तुमी सरळ रस्त्यानं चालवता म्हणून. सरळ चालनाऱ्याचं मधातच झिजते."

हे वाक्य त्याने टायरबद्दल म्हटलं होतं, पण मी ते व्यक्तिशः घेतलं. पुढे त्याने समजावलं ते असं. मोटारसायकलचा नवा टायर मडक्याच्या बुडासारखा गोल असतो. गाडी वळणात कलली, की तो हळूच गोलाईवरून कडेला जातो. सरळ रस्त्यावर महिनोन्‌महिने पळवला, की मध्ये घासून मडक्याचा पाटा होतो. आणि पाट्याला धार असते! घाटाच्या वळणात गाडी कलवली, की ती गोलाईवरून न जाता त्या धारेवरून एकदम घसरल्यासारखी आडवी पडू पाहते. हवा कायम जास्त ठेवली तरी मधला भाग आधी जातो. कमी ठेवली तर दोन्ही कडा जातात. टायर पाहून मालकाच्या सवयी सांगता येतात, असं मिस्त्री म्हणाला, तेव्हा मी विषय बदलला.

"कोरड्यात चालून जाते अजून," तो म्हणाला, "कोरड्यात टक्कल असलं तरी धरते. पण पानी पडलं ना काका, का मंग त्या नक्षीचं काम लागते. पानी निघाले जागा पाह्यजे. जागा नाई तं टायर पान्यावर, रस्त्यावर नाई."

मे महिन्याची पंधरा तारीख होती. शाळा जूनअखेरीस उघडणार होती, आणि आमच्याकडे पाऊस शाळेच्या आसपासच नाव दाखल करतो.

टायर बदलायचा हे ठरलं. कुठला घ्यायचा यासाठी घरात सभा भरली. मराठी माणसाच्या घरी कुठलीही वस्तू एकट्याने विकत घेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खामगावचे मेहुणे आले होते. ते व्यापारी. त्यांचं मत पडलं, नवा टायर घेणं म्हणजे पैशाचा माज. जुन्यावरच नवं रबर चढवून घ्यावं, म्हणजे रिमोल्ड. "ट्रकवाले करतात की नाही? मग?" ट्रकला मागे चाकांच्या जोड्या असतात, एक फुटलं तर शेजारचं सांभाळून घेतं, मोटारसायकलच्या मागच्या चाकाला शेजारीच नसतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यावर ते चहा प्यायले.

आमचे शेजारी निवृत्त ओव्हरसियर. रस्ते करण्यात हयात गेल्याने त्यांचा रस्त्यांवर मुळीच विश्वास नाही. ते म्हणाले, "कडक रबराचा घ्या. पंचवीस-तीस हजार किलोमीटर बघायला नको." पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. त्यांच्या मते चांगला रुंद, गुबगुबीत टायर घालावा, "लुक येतो." रुंद टायर अरुंद रिमवर चढवला, की तो कडेने आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, कधी साखळीच्या कव्हरला घासतो आणि पेट्रोलही जास्त पितो. शेळीच्या पायात हत्तीचे पैंजण घालून लुक येतो खरा, पण शेळी चालत नाही.

मी मात्र या विषयाचा रीतसर अभ्यास केला. निवृत्त माणसाला अभ्यासाला वेळ असतो आणि घरातल्यांना तो करू देण्याशिवाय गत्यंतर नसतं. हवेचा टायर ज्याने प्रचारात आणला तो जॉन बॉइड डनलॉप हा धंद्याने गुरांचा डॉक्टर. बेलफास्टला राहत होता. लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर हादरे बसतात म्हणून १८८७ च्या सुमारास त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. म्हणजे जगभरच्या टायरांच्या धंद्याचं मूळ एका बापाच्या काळजीत आहे. हे वाचल्यावर मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. त्याच्याही आधी १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक तापवून रबराला टिकाऊपणा आणला. एरवी ते उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. बिचारा १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत गेला. त्याच्या नावाची कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्यांनीच काढली. मागच्या चाकाचं नशीब, दुसरं काय!

टायर मुळात काळे नव्हतेच, हेही तेव्हाच कळलं. रबर पांढुरकं असतं. त्यात काजळी मिसळू लागले, तसं ते काळं झालं आणि कितीतरी जास्त टिकू लागलं. ही माहिती मी हिला सांगितली. ती म्हणाली, "उन्हात काम करणारा काळा होतो आणि जास्त टिकतो, यासाठी पुस्तक कशाला वाचायला हवं?"

मग दुकान. टायरची जन्मपत्रिका त्याच्या अंगावरच छापलेली असते, फक्त ती वाचायला ज्योतिषी लागत नाही, चष्मा लागतो. आमच्या गाडीचं माप ८०/१००-१८. पैकी ८० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के, अर्थात तेवढीच. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. (एकाच वस्तूचं एक माप मिलिमीटरमध्ये आणि दुसरं इंचांत, ही युक्ती ज्याने काढली तो नक्की कुठल्या तरी कचेरीत असणार.) पुढे '५४ पी' लिहिलेलं असतं. ५४ म्हणजे ५४ किलो नव्हे. त्या आकड्याचा टायर २१२ किलो भार पेलतो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आमची गाडी उतारावर, वारा पाठीशी घेऊन आणि इष्टदेवतेचं नाव घेऊनसुद्धा एवढी पळणार नाही, तेव्हा तिकडून निश्चिंती होती. शिवाय कडेवर बाण असतो. चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते तो सांगतो. घाईत उलटा बसवला, तर नक्षी पाणी नीट बाहेर टाकत नाही.

दुकानदार गोड होता. गोड दुकानदाराची मला भीती वाटते. त्याने "खास तुमच्यासाठी" म्हणून आतून एक टायर काढला, झटकला आणि किंमत इतकी कमी सांगितली, की मला माझ्या चेहऱ्यावर दारिद्र्य दिसतं की काय अशी शंका आली. मी चष्मा लावून टायरच्या कडेवरचे चार आकडे शोधले. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं २२१९. म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा.

"अहो, हा तर करोनाच्याही आधीचा आहे!"

"वापरलेला नाही हो, साहेब. कोरा आहे. ठेवलेला."

"ठेवलेला म्हणूनच म्हणतो. रबर ठेवूनही म्हातारं होतं. कडक पडतं, भेगा जातात."

"माणसंसुद्धा होतात," तो गोडपणा न सोडता म्हणाला. मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात मुलीला बरोबर नेलं. तिथे समोर दोन टायर आले. दोन्ही ताज्या जन्माचे, दोन्ही नामांकित. एक कडक रबराचा, पुष्कळ चालणारा. दुसरा थोड्या मऊ रबराचा, ओल्यात रस्ता घट्ट धरणारा, पण लवकर झिजणारा; वर साडेतीनशे रुपयांनी महाग. टायरच्या जगातला हा सनातन पेच आहे. जो टिकतो तो धरत नाही आणि जो धरतो तो टिकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणून वाचलेले पैसे मी मनातल्या मनात तोवर तीनदा खर्च केले होते. मी कागद काढून किलोमीटरला किती पैसे पडतात याचं त्रैराशिक मांडायला बसलो. हिशेबात कडक टायर सरळसरळ जिंकत होता. ओव्हरसियर साहेब भेटले असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. तिने दुकानातल्या पोराला विचारलं, "दादा, पावसात घाट उतरताना समोर म्हैस आली, तर यातला कुठला आधी थांबेल?"

त्याने मऊ टायरवर बोट ठेवलं. "हा, ताई."

कागदावर किलोमीटर होते, पैसे होते, टक्के होते. म्हैस नव्हती. राजूर घाटातली संध्याकाळ नव्हती, ढग खाली उतरले म्हणजे दहा हातांवरचं वळण दिसत नाही ते नव्हतं, आणि सहा वाजून गेल्यावर दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येणारी तिची आई तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हटलं, "मऊ द्या." साडेतीनशे रुपये मी आयुष्यात एवढ्या चटकन कधी मोजले नव्हते. हिला गृहस्थी शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. धाकटीने एका म्हशीत मला अर्थशास्त्र शिकवलं.

मिस्त्रीने तो बसवला. गाडीचं चाक आऱ्यांचं. आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब हवीच. तीही नवी घातली. टायरवर एक पिवळा ठिपका होता. तो टायरचा सर्वांत हलका भाग. तो व्हॉल्वच्या समोर आणून बसवला, म्हणजे चाकाचा तोल साधतो. मला वाटायचं, ती दुकानदाराने लावलेली हळद आहे.

"काका," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पह्यले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून. नवा टायर गुळगुळीत राह्यते, चकाकी लागेल असते त्याले. ते रस्त्याले घासून गेली, का मंग धरते. आताच घाटात कलवू नका म्हना ताईले."

हा शहाणपणाचा कळस होता. पहिल्या पावसाच्या दिवशी नवा टायर घालून घाट उतरणाऱ्याला दोन गुळगुळीत गोष्टी एकदम भेटतात. पावसाचं पहिलं पाणी रस्त्यावरच्या तेलाधुळीचा राबडा करतं, त्यावर हा कोरा टायर! म्हणून आम्ही मे महिन्यातच चिखली गाठली. मुलगी पुढे, मी मागे. चिखली, परत बुलढाणा, पुन्हा चिखली. चिखलीला काय काम आहे असं एका ओळखीच्याने विचारलं, तर मी म्हटलं, "टायर चावून घेतोय." तो घाईघाईने निघून गेला.

हवेचा मात्र आमच्या घरी आता सोवळ्यासारखा आचार झाला आहे. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने पट्टीवर लिहून दिली आहे तेवढीच. मागे माणूस बसणार असेल तर वेगळा आकडा, तोही पट्टीवरच असतो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून लोक हवा कमी करतात; कमी हवेचा टायरच जास्त चेपतो आणि जास्त तापतो. हिला पूर्वी गाडीतलं पेट्रोल कळत नसे. आता जूनपासून रोज सकाळी मुलगी निघताना ती डबा, पाणी आणि रुमाल यांच्या पाठोपाठ विचारते, "हवा पाहिलीस?" कुठल्याही मंत्राइतक्याच श्रद्धेने विचारते. संध्याकाळी गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला, की हातातलं काम टाकून फाटकाशी जाते आणि मुलीकडे नव्हे, आधी मागच्या चाकाकडे पाहते. मग म्हणते, "ये. चहा टाकते."

जुना टायर मिस्त्रीने माझ्या हवाली केला होता. आमच्या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही. विहिरीवर पोहायला ट्रकची ट्यूब, चांभाराच्या हातची टायरच्या तळाची न झिजणारी चप्पल, अंगणातला झोका, अशी रबराची कितीतरी पुनर्जन्मं माझ्या डोळ्यांपुढून गेली. मेहुण्यांचा निरोप आला, अजूनही रिमोल्ड होईल. पण त्याआधीच गल्लीतल्या दोन पोरांनी तो मागून नेला. आता रोज संध्याकाळी ती काठीने त्याला हाणत गल्लीतून पळत असतात. बारा हजार किलोमीटर दुसऱ्या चाकाच्या मागे मागे गेलेला तो टायर, मध्ये टक्कल पडलेला, आता सगळ्यांच्या पुढे धावतो आणि पोरं त्याच्या मागे.